एनडीएचा अर्ज: कागद अपुरा आणि तारीख तोंडावर आली असेल तर

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, परीक्षा देणारी चार-पाच मुलं दरवर्षी वर्गात असतात आणि अभ्यासाइतकाच त्यांचा वेळ कागदांमागे जातो, हे मी जवळून पाहिलंय. लेखी पास होऊनही एका कागदापायी मागे राहिलेला मुलगा पाहिला की फार लागतं. गणितात दहा गुण कमी पडले तर पुढच्या वेळी भरून काढता येतात. पण वयाची मर्यादा ओलांडली की पुढची वेळच उरत नाही.

कागद ‘नाही’ याचे तीन अर्थ असतात. एक तर तो हरवलाय, किंवा अजून मिळालेलाच नाही, किंवा हातात आहे पण त्यावरची नोंद चुकीची आहे. तिन्हींचे रस्ते वेगळे, लागणारे दिवस वेगळे आणि सही करणारा माणूसही वेगळा. मुलं घाबरली की तिन्ही गोष्टींची सरमिसळ करतात आणि सगळीकडे धावत सुटतात. तेव्हा पहिलं काम हे, की एका वहीत कागदाचं नाव लिहा, त्यापुढे अडचण कोणती ते लिहा आणि त्यापुढे तो कागद कोणाच्या सहीने मिळतो ते लिहा. पुढचं सगळं या तिसऱ्या रकान्यावर चालतं.

तारखा उलट्या मोजा

यूपीएससी, म्हणजे संघ लोकसेवा आयोग, ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. पहिलीची जाहिरात साधारण डिसेंबरात येते आणि पेपर एप्रिलमध्ये होतो. दुसरीची जाहिरात मे महिन्याच्या आसपास, पेपर सप्टेंबरात. पहिल्या परीक्षेतून निवड झालेली मुलं पुढच्या जानेवारीत खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल होतात, दुसऱ्या परीक्षेतली पुढच्या वर्षी जुलैत.

बहुतेकांच्या डोक्यात एकच तारीख असते, फॉर्म भरायची. खरं तर सहा असतात: अर्जाची शेवटची तारीख, दुरुस्तीच्या खिडकीची, लेखी निकालानंतरच्या नोंदणीची, एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढे मुलाखतीला, हजर होण्याची, वैद्यकीय अपिलाची, आणि बारावी पास झाल्याचा पुरावा पोचवण्याची. जाहिरात आली त्या संध्याकाळी ती पूर्ण वाचा. पुष्कळ पानांची असते आणि वाचायला जड जाते, पण वाचा, आणि जेवढ्या तारखा त्यात छापल्यात तेवढ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. उरलेल्या, म्हणजे निकाल आणि एसएसबीच्या, कळतील तशा लिहा. मग प्रत्येक तारखेपासून मागे मोजत या. बोर्डातून दुसरी प्रत यायला महिना लागणार असेल, तर अर्ज महिनाभर आधी नव्हे, दोन महिने आधी गेला पाहिजे. मधे दिवाळी येते, गणपती येतात, निवडणुका लागतात आणि शाळेतले भाऊसाहेब, म्हणजे कारकून, निवडणुकीच्या कामाला जातात. हे सगळं दरवर्षी होतं आणि दरवर्षी मुलांना ते अचानक झाल्यासारखं वाटतं.

वयाची अट वर्षांत वाचू नका, छापलेल्या दोन तारखांत वाचा. उदाहरणार्थ, २०२५ च्या दुसऱ्या परीक्षेसाठी जन्म १ जानेवारी २००७ ते १ जानेवारी २०१० या दरम्यानचा हवा होता. या दोन तारखांच्या एक दिवस बाहेर असाल तर कोणताही कागद कामाला येत नाही.

जन्मतारखेला दहावीच लागते

आपल्याकडे सगळीकडे शाळा सोडल्याचा दाखला चालतो. बँकेत चालतो, तहसीलमध्ये चालतो, म्हणून घरच्यांना वाटतं इथेही चालेल. यूपीएससी जन्मतारीख धरते ती दहावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावरची. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र, नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा जन्माचा उतारा यांतलं काही चालणार नाही, असं जाहिरातीत स्पष्ट छापलेलं असतं. एकदा अर्जात नोंदवलेली तारीख पुढे बदलूनही मिळत नाही.

दहावीचं गुणपत्रक आणि दहावीचं प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, हे पुष्कळ मुलांना बारावीत गेल्यावरही ठाऊक नसतं. गुणपत्रक जपून ठेवलेलं असतं आणि प्रमाणपत्र शाळेतून आणलेलंच नसतं. आज संध्याकाळी दोन्ही समोर ठेवा आणि जन्मतारीख पूर्ण, म्हणजे दिवस, महिना, वर्ष, कशावर छापली आहे ते पाहा. देशातल्या काही बोर्डांच्या प्रमाणपत्रावर तारीख नसते, नुसतं वय असतं. अशा वेळी दहावीच्या प्रमाणपत्रासोबत मुख्याध्यापकांचा दाखला जोडायची सोय यूपीएससीने ठेवली आहे. त्या दाखल्यात शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, म्हणजे आपल्या जनरल रजिस्टरमध्ये, असलेली जन्मतारीख नमूद केलेली हवी. अर्ज असा करा:

‘विषय: जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेच्या नोंदीचा दाखला मिळण्याबाबत. महोदय, मी आपल्या शाळेतून मार्च ____ मध्ये दहावी उत्तीर्ण झालो आहे. माझा जनरल रजिस्टर क्रमांक ____ आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या एनडीए परीक्षेसाठी, रजिस्टरमधील नोंदीनुसार माझी जन्मतारीख अंकी व अक्षरी नमूद केलेला दाखला, इंग्रजीत, शाळेच्या लेटरहेडवर, आपल्या सही-शिक्क्यासह मिळावा. हा दाखला मला दि. ____ पर्यंत सादर करावयाचा आहे.’

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन पोच घरी आणा. दाखला मिळाल्यावर त्यावर जावक क्रमांक आहे का ते तिथेच पाहा. जावक क्रमांक नसलेला दाखला पुढे कोणी शाळेकडे पडताळायला पाठवला तर शाळेच्याच नोंदीत तो सापडत नाही.

आता आपल्याकडची जुनी गोष्ट. कितीतरी घरांत शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेला असतो. खरा जन्म ऑगस्टातला, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर ऑगस्ट, आणि आधार कार्डही त्याच दाखल्यावरून काढलेलं. हल्लीच्या मुलांत हे कमी झालंय, पण संपलेलं नाही. अशा वेळी ऐन मुदतीत दहावीची तारीख बदलायच्या मागे लागू नका. बोर्डाची दुरुस्ती लांबते, आणि मुदत कोणासाठी थांबत नाही. अर्जात दहावीचीच तारीख टाका. आधारची तारीख वेगळी असेल तर आधार केंद्रात दहावीचा कागद दाखवून ती जुळवता येईल का ते पाहा, पण आधी विचारून घ्या, कारण आधारवर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. तेवढा वेळ नसेल तर जाहिरातीत मान्य केलेलं दुसरं फोटो ओळखपत्र चालतं का ते बघा. जे ओळखपत्र अर्जात द्याल तेच परीक्षेला जाताना खिशात हवं.

नावाचा घोळ

आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटा क्रम. हा फरक पाहून मुलं घाबरतात. नुसता क्रम बदलला म्हणून कोणाचा अर्ज गेल्याचं मी पाहिलेलं नाही. अडचण होते ती अक्षरांच्या फरकाने: एकीकडे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त, एकीकडे ‘राव’ लावलेलं, एकीकडे आईचं नाव माहेरचं आणि एकीकडे सासरचं.

नियम सोपा धरा. अर्जातलं नाव दहावीच्या कागदावर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर. वडिलांचं आणि आईचं नावही तसंच. मग बाकीचे कागद त्याला जुळवा. आधार आणि पॅन दुरुस्त करणं तुलनेने सोपं, बोर्डाचा कागद दुरुस्त करणं अवघड. दहावीच्या कागदावरच चूक असेल तर अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि सोबत जनरल रजिस्टरचा उतारा लागतो. म्हणजे रजिस्टरमध्ये नाव बरोबर असेल आणि बोर्डाने छापताना चूक केली असेल तर काम होतं. चूक रजिस्टरमध्येच असेल तर वाट लांबची आहे. दहावीनंतर कोणी नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावं लागतं, आणि त्या राजपत्राची प्रत पुढे प्रत्येक पायरीवर सोबत ठेवावी लागते.

हरवलेला, भिजलेला, फाटलेला

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढात घराचं छप्पर गळलं आणि ट्रंकेत पाणी गेलं. मुलाने माझ्यापुढे प्लास्टिकची पिशवी उघडली तेव्हा दहावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र एकमेकांना चिकटून पापडासारखे झाले होते. सोडवायला गेलं की शाई वर येत होती. आई सोबत होती, सारखी पदराने पिशवी पुसत होती. एसएसबीला सात आठवडे होते.

आम्ही त्याच दुपारी त्याच्या हायस्कूलमध्ये गेलो. भाऊसाहेबांनी कपाटातून लाल कापडाच्या बांधणीचं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पानं उलटत गेले. त्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ताई, पोरगं इथं आहे, काळजी करू नका. कागद भिजतो, ही नोंद नाही भिजत.’’ आई तिथेच बाकावर बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

काम असं झालं. शाळेकडून अर्जावर शिफारस आणि सही-शिक्का घेतला. भिजलेले कागद फेकले नाहीत, अर्जासोबत तेच जोडले. कागद फाटका किंवा खराब असेल तर मूळ तुकडा परत द्यावा लागतो, म्हणून कितीही वाईट अवस्थेत असला तरी जपून ठेवा. कागद पूर्ण हरवलाच असेल तर आधी पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करा. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरही ती करता येते. मग प्रतिज्ञापत्र, शाळेचं पत्र आणि विभागीय मंडळाकडे द्वितीय प्रतीचा अर्ज, अशी रांग लागते. राज्य मंडळाचे नऊ विभाग आहेत: पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. परीक्षा ज्या विभागातून दिली त्याच विभागाकडे जायचं. आता पुण्यात खोली करून राहता म्हणून पुण्याच्या कार्यालयात गेलात तर हेलपाटा पडेल.

द्वितीय प्रत येईपर्यंत सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधून गुणपत्रक उतरवून घ्या. बैठक क्रमांक, वर्ष, गुण अर्जात भरायला त्याचा उपयोग होतो. पण एसएसबीला मूळ कागद मागतात, तेव्हा डिजिलॉकरवर निर्धास्त राहू नका.

आणि कागद लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला शिक्का किंवा नोंद करायची वेळ आली की लॅमिनेशन आडवं येतं, आणि ते काढताना छपाईच निघून येते. साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर ट्रंकेत नको, उंच फळीवर ठेवा.

फॉर्म भरताना

अर्ज ऑनलाइन आहे आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता बंद होतो. रात्री बारा वाजता नव्हे. ‘‘सर, आज तारीख आहे ना?’’ म्हणत सात वाजता आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना काय सांगायचं ते आजही कळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सायबर कॅफेत. फॉर्म भरून देणारा घाईत स्वतःचा मोबाइल नंबर नाहीतर दुकानाचा ईमेल टाकतो. त्या दिवशी काम झाल्यासारखं वाटतं. पुढे ओटीपी त्याच्याकडे, प्रवेशपत्राची सूचना त्याच्याकडे, एसएसबीचं बोलावणं त्याच्याकडे. एका मुलीच्या बाबतीत तर दुकानच बंद होऊन गेलं होतं. ईमेल तुमचा स्वतःचा हवा, नंबर घरातल्या अशा माणसाचा हवा जो वर्षभर रिचार्ज करतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. यूपीएससी पोस्टाने काही पाठवत नाही, प्रवेशपत्रसुद्धा वेबसाइटवरून उतरवून घ्यायचं असतं.

फोटो ताजा काढा. दहावीतला फोटो आणि आताचा चेहरा जुळत नाही, मिशी फुटलेली असते. फी १०० रुपये आहे. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती माफ आहे. २०२१ पासून मुलींना ही परीक्षा खुली झाली, आणि पहिल्या तुकडीतल्या १७ मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या. तरी गावाकडे अजून ‘मुलींना असतं का ते’ असं विचारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एनडीएच्या निवडीत जातीनिहाय आरक्षण नाही. त्यामुळे नॉन-क्रिमिलेअर मिळालं नाही, जात वैधता समितीपुढे अडकली, म्हणून फॉर्म भरायचं थांबू नका. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी आणि एनडीएची यादी एकत्र करून मुलं उगाच सेतू केंद्रात आठवडे घालवतात.

बारावीत शिकत असाल तर ‘बसणार आहे’ हा पर्याय आहे, निकालाची वाट पाहायची नाही. अकरावीतल्यांना मात्र भरता येत नाही. आर्मीसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल, हवाई दल यांसाठी भौतिक, रसायन आणि गणित हवं.

सबमिट केल्यावर अर्जाची प्रत लगेच उतरवून घ्या आणि वडिलांना मोठ्याने वाचायला सांगा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. चूक सापडली तर अर्ज बंद झाल्यावर काही दिवस दुरुस्तीची खिडकी उघडते. तिच्या तारखा जाहिरातीत असतात. त्या दिवसांत जे सुधारता येईल ते सुधारा, पण तिच्यावर भिस्त ठेवून अर्धवट फॉर्म पाठवू नका, कारण सगळेच रकाने उघडत नाहीत.

एक कळकळीने सांगतो. कागद नाही म्हणून खोटी तारीख टाकणं, दुसऱ्याच्या दाखल्यावर नाव चढवणं, शिक्का करून घेणं, असले सल्ले देणारी माणसं प्रत्येक तालुक्यात असतात. आयोग अशा उमेदवाराला बाद करतो, पुढच्या परीक्षांनाही बसू देत नाही आणि फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. सैन्यात जायला निघालेल्या मुलाने पहिलं पाऊल खोट्यावर टाकू नये, एवढं घरातल्या मोठ्यांनी तरी बघायला हवं.

निकालानंतरचे चौदा दिवस

ही तारीख सगळ्यात जास्त मुलं चुकवतात. लेखी परीक्षेचा निकाल लागला, यादीत नंबर आला, पेढे वाटले, आणि आता पत्र येईल म्हणून मुलगा वाट पाहत बसला. पत्र येत नाही. निकाल लागल्यापासून दोन आठवड्यांच्या आत जॉईन इंडियन आर्मीच्या वेबसाइटवर नोंदणी करावी लागते. पहिली पसंती नौदलाला दिली असली तरी निकालासोबतची सूचना वाचा. ही नोंदणी झाली तरच एसएसबीचं केंद्र आणि तारीख मिळते. आधीच्या परीक्षेच्या वेळी नोंदणी केलेली असेल तर पुन्हा करावी लागत नाही, पण तो ईमेल अजून चालू आहे का ते तपासा.

निकालाचा दिवस आधी जाहीर होत नाही. परीक्षेनंतर आठवड्यातून दोनदा यूपीएससीची वेबसाइट उघडून पाहा. नोंदणी करताना अर्जात दिलेलाच ईमेल आणि तेच नाव वापरा. तारीख निवडायचा पर्याय उघडतो तेव्हा पहिल्या येणाऱ्याला पहिलं मिळतं. कागद यायला वेळ असेल तर जरा उशिराची तारीख निवडता येते. भिजलेल्या कागदवाल्या मुलाने तेच केलं होतं.

निवडलेल्या तारखेला बोर्डाचा पेपर येत असेल तर वेळापत्रक जोडून ताबडतोब ईमेल करा. बदलून देणं त्यांच्या मर्जीवर आहे. पण दोन आठवडे आधी वेळापत्रकासह आलेली विनंती आणि आदल्या दिवशीचा फोन यांत फार फरक पडतो.

एसएसबीला निघताना

भोपाळ असो, प्रयागराज असो, बंगळूर असो, पहिल्याच दिवशी कागद तपासतात. मूळ दहावी, मूळ बारावी, बारावीचा निकाल नसेल तर प्राचार्यांचं बोनाफाईड, ओळखपत्र, बोलावण्याचं पत्र, त्यात सांगितलेले तेवढे फोटो, पालकांच्या सहीचे फॉर्म. हजर होण्याच्या पत्रात यादी असते. ती छापून प्रत्येक ओळीपुढे खूण करा. मूळ कागद नसेल तर तिथूनच परत पाठवण्याचा अधिकार निवड मंडळाला आहे. ‘नंतर पाठवतो’ हे चालेल असं धरून गाडीत बसू नका.

बोनाफाईडवर प्राचार्यांनी स्पष्ट लिहिलेलं हवं की हा विद्यार्थी अमुक बोर्डाच्या बारावीच्या अमुक महिन्यातल्या परीक्षेला बसला आहे किंवा बसणार आहे, आणि निकाल कधी अपेक्षित आहे. नुसतं ‘आमच्या कॉलेजचा विद्यार्थी आहे’ हा छापील नमुना पुरत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला छापील नमुनाच मिळाला होता. रविवार होता, प्राचार्य गावाला गेलेले, गाडी रात्री. शेवटी प्राचार्यांच्या घरी जाऊन लेटरहेडवर हाताने लिहून घेतलं. तेव्हापासून मी मुलांना मजकूर स्वतः टाईप करून न्यायला सांगतो.

एनडीएच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच एसएसबीला जात असाल तर जाण्या-येण्याचं थर्ड एसीचं रेल्वेभाडं मिळतं. तिकीट जपा आणि पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत घ्या.

महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण. बारावीनंतर बरीच मुलं इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन ठेवतात आणि मूळ कागद तिथल्या कार्यालयात जमा होतात. एसएसबीची तारीख आली की कॉलेज म्हणतं, प्रवेश रद्द करा मग कागद देतो. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च शिक्षणाच्या दोन्ही नियामक संस्थांनी सांगून ठेवलंय. भांडायला जाऊ नका. बोलावण्याच्या पत्राची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, ‘पाहून परत करतो’ अशी हमी त्यात लिहा, पोच घ्या. एका मुलाचे कागद मागायला मी स्वतः गेलो होतो. तोंडी तीन दिवस ‘उद्या या’ ऐकलं, लेखी अर्ज दिल्यावर तासाभरात कागद हातात आले. पुढच्या मुलांनी प्रवेश घेतानाच पडताळणी करून मूळ कागद परत मागून घ्यावेत.

बारावीचा पुरावा

एसएसबी पार पडली, वैद्यकीय झाली, आणि तरी एक तारीख उरते. बारावी पास झाल्याचा पुरावा ठरलेल्या दिवसापर्यंत पोचलाच पाहिजे. तो जातो यूपीएससीकडे नव्हे, सैन्याच्या रिक्रूटिंग विभागाकडे. पत्ता आणि तारीख जाहिरातीत असते. बोर्डाने परीक्षा उशिरा घेतली, निकाल लांबला, ही कारणं मुदतवाढीसाठी ऐकली जाणार नाहीत, असंही तिथेच छापलेलं असतं.

इथे दोन परीक्षांमधला फरक नीट समजून घ्या. पहिल्या परीक्षेचा कोर्स जानेवारीत सुरू होतो, म्हणजे पुराव्याची मुदत साधारण डिसेंबरात येते. आपला बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, हाताशी सहा महिने असतात. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षेचा निकालही त्यात बसतो. दुसऱ्या परीक्षेचा कोर्स मात्र जुलैत सुरू होतो आणि मुदत जूनमध्ये. सप्टेंबरची परीक्षा देऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीला बसणाऱ्या मुलाच्या हातात निकालानंतर जेमतेम काही आठवडे असतात. त्यातही निकाल आधी ऑनलाइन लागतो आणि गुणपत्रकं कॉलेजात नंतर येतात. पुरवणी परीक्षेला इथे वावच नाही. तेव्हा बारावीचा अभ्यास एसएसबीच्या तयारीत मागे टाकू नका.

गुणपत्रक आलेलंच नसेल तर प्राचार्यांचं प्रमाणपत्र चालतं, पण ते मूळ हवं, झेरॉक्स नाही. निकाल राखून ठेवला असेल तर कारण कॉलेजला त्याच दिवशी विचारा. पुष्कळदा प्रात्यक्षिकाचे किंवा श्रेणीचे गुण मंडळाकडे पोचलेले नसतात, आणि तो दुवा कॉलेजच्या हातात असतो. कागद स्पीड पोस्टाने पाठवा, पावतीवरचा क्रमांक वहीत लिहा आणि पोचल्याचं ऑनलाइन पाहून त्या पानाचीही प्रत काढा.

वैद्यकीय अपील

एसएसबीत निवड झालेल्यांना वैद्यकीय तपासणीत तात्पुरतं अपात्र ठरवणं नवं नाही. कानातला मळ, दात, वजन अशी कारणंही असतात. वैद्यकीय मंडळाचे अध्यक्ष अपिलाची पद्धत तिथेच सांगतात. अपील मंडळाची तपासणी पहिल्या तपासणीपासून ४२ दिवसांत पूर्ण व्हावी लागते. उपचार केले असतील तर डॉक्टरांचे कागद तारखांसह घेऊन जा. तिथेही अपात्र ठरलात तर पुनर्विलोकन मंडळाची मागणी एका दिवसात करायची असते. म्हणून कोरे कागद, पेन आणि आधीच्या अहवालांच्या प्रती सोबत ठेवा आणि तिथून घरी यायची घाई करू नका.

तारीख गेलीच तर

अर्जाची तारीख गेली असेल तर ती गेली. दिल्लीला माणूस पाठवून काही होत नाही, आणि ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जन्मतारीख समोर ठेवून अजून किती परीक्षा बसतात ते मोजा. सतराव्या वर्षी एक हुकली तर बहुतेकांच्या हातात अजून काही असतात.

वय संपत आलं असेल तर दुसरी दारं आहेत. बारावीला भौतिक, रसायन, गणितात किमान ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असेल तर आर्मीची टेक्निकल एन्ट्री आहे. पदवीनंतर सीडीएस ही यूपीएससीचीच अधिकारी-भरतीची परीक्षा आहे. त्यांनाही हीच दहावी, हेच नाव, हाच ईमेल लागणार आहे. गेल्या वेळी ज्या कागदासाठी अडलात तो आज, कोणतीही तारीख डोक्यावर नसताना, शाळेत जाऊन मागून घ्या. भाऊसाहेबांकडे जून-जुलैत प्रवेशाची गर्दी असते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गेलात तर रजिस्टर काढायला त्यांना उसंत असते.